घंटेला हात लावावा तर असा: अक्कलकोट रोडच्या वर्कशॉपचा अनुभव

सोलापुरात जुनी, मोठी घंटा दुरुस्त करून घ्यायची असेल, मग ती चर्चची असो की देवळाची, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या वर्कशॉपला आधी विचारा. दारावर पाटी नाही. आत दोन लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात भाता आणि भिंतीला लावून ठेवलेले यंत्रमागाचे सुटे भाग. शाफ्ट, गिअर, बुश ही त्यांची रोजची कामं. घंटेचं काम वर्षातून एखादंच येतं. आमच्या चर्चच्या घंटेचं त्यांनी असं केलं की पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांतली, म्हातारी माणसं घरी जायचं सोडून मनोऱ्याखाली उभी राहिली आणि पुन्हा एकदा वाजवा म्हणाली.

मी मंडळीची खजिनदार आहे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. पैसे कुठे गेले ते मला सांगावं लागतं, म्हणून प्रत्येक टप्प्याला मी तिथं हजर होते. सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या जुन्या मंडळ्या या जिल्ह्यात बऱ्याच आहेत आणि घंटा एकदा चुकीच्या हातात पडली की तिचा नाद परत आणता येत नाही.

आमच्या चर्चचा मनोरा काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला. वर चारी बाजूंना लाकडी झडपांच्या खिडक्या, आत सागवानी तुळयांवर टांगलेली एकच घंटा, तिच्या बाजूला चाक, आणि चाकावरून खाली आलेली दोरी. रविवारी उपासनेआधी दोनदा वाजते. नाताळला वाजते, वर्षअखेरच्या मध्यरात्री वाजते, लग्नात वाजते. कुणी प्रभूत झोपी गेलं की एकेक ठोका, मध्ये लांब थांबून. भाकरी थापता थापता माझी आई ओळखायची की आजची घंटा कशाची आहे, आणि अंत्यविधीची असली तर तवा उतरवून डोक्यावर पदर घ्यायची.

गेल्या काही वर्षांत नाद बसला. ठोका पडायचा, पण त्यामागून जो घुमारा यायचा तो येईना. वर खडखड व्हायची. सात रस्ता चौकापर्यंत ऐकू येणारी घंटा आवाराच्या भिंतीबाहेर जाईना. तडा गेला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग सल्ले आले. एकानं तडा वेल्डिंगनं भरून देतो म्हणून सांगितलं, वर चढून न बघताच. एकानं मनोऱ्यावर कर्णे बसवायचे, घड्याळ लावायचं आणि रेकॉर्ड केलेली घंटा आपोआप वाजवायची, असं दरपत्रक दिलं. एकानं मोडीचा भाव काढला. तांब्याचा भाव हल्ली सगळ्यांना पाठ असतो. कर्ण्यांचं दरपत्रक पंच कमिटीत जवळजवळ मंजूर झालं होतं. मी विरोध केला, आणि का केला तेही इथं सांगते, कारण त्याशिवाय या कामाची किंमत कळणार नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले, 1831 मध्ये अहमदनगरला स्थिरावले आणि 1860 च्या दशकात सोलापुरात काम सुरू झालं. रेल्वेही त्याच सुमाराची. सोलापूरपर्यंत गाडी 1860 साली आली, पण बोरघाटाचा चढ पुरा व्हायला 1863 उजाडलं. तोपर्यंत मुंबई बंदरात उतरलेलं कुठलंही जड सामान घाटाखाली गाडीतून काढायचं, घाट चढवायचं आणि वर पुन्हा दुसऱ्या गाडीत भरायचं. घाट जोडला गेला तेव्हाच मोठ्या ओतीव घंटा, यंत्रं, गिरण्यांचे बॉयलर इकडे सहज यायला लागले. जुनी मिल 1877 साली चालू झाली आणि हे गाव भोंग्यावर उठायला-झोपायला लागलं. भोंगा कामाची वेळ सांगायचा. घंटा माणसांचं सांगायची: कोण जन्मलं, कुणाचं लग्न, कोण गेलं. गिरण्या बंद झाल्या, भोंगे थांबले. घंटा तेवढी राहिली.

आणखी एक गोष्ट आहे. 1876-77 चा दुष्काळ आणि नंतर छपन्नचा, म्हणजे 1899-1900 चा, या दोन्हींत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. आई-बाप गेलेली, रस्त्यावर सापडलेली मुलं मिशननं वसतिगृहांत आणली. आमच्या मंडळीतल्या कित्येक घराण्यांचा मूळपुरुष असा पाच-सहा वर्षांचा, आपलं गाव कुठलं तेही न सांगता येणारा पोर होता. माझ्या पणजोबांचंही तसंच. त्यांचा दिवस घंटेवर चालायचा: उठायची, जेवायची, शाळेची, प्रार्थनेची. जेवायची घंटा रोज ठरल्या वेळी होते, हे ज्यांनी आधी कधी पाहिलंच नव्हतं, त्या मुलांसाठी तो आवाज काय असेल, ते मी पंच कमिटीत बोलून दाखवलं. तिच्या जागी कर्णा नको, एवढंच म्हणाले. पाळकसाहेबांनी एक संधी दिली. आधी कुणाकडून तरी नीट तपासून घ्या, मग ठरवू.

या वर्कशॉपचा पत्ता आमच्याच मंडळीतल्या एका निवृत्त फिटरनं दिला. तिथले उस्ताद साठी ओलांडलेले. वडील गिरणीत फिटर, हे स्वतः तिथंच शिकले, गिरणी गेल्यावर लेथ टाकली. पहिल्याच भेटीत त्यांनी दर सांगितला नाही, हे मला आवडलं. "आधी वर चढून बगतो की बाई, मग बोलू," एवढंच.

मनोऱ्यात त्यांच्यामागून मीही चढले. वर कबुतरांच्या विष्ठेचा थर घोटाभर. त्यांनी आधी तोंडाला फडकं बांधलं, मलाही बांधायला लावलं, पोराकडून सगळं पोत्यात भरून खाली उतरवलं आणि मगच घंटेला हात लावला. विष्ठा लोखंड तर खातेच, फुप्फुसालाही ती वाईट, म्हणाले.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं त्यासाठीच हा अभिप्राय लिहावासा वाटला. खिशातून लोहचुंबक काढून त्यांनी घंटेला लावलं. चिकटलं नाही. म्हणजे पोलादी नाही, काशाच्या जातीची. एकोणिसाव्या शतकात ओतीव पोलादाच्या घंटाही निघायच्या, स्वस्त पडायच्या, आणि वरून रंग दिला की डोळ्याला फरक कळत नाही. मग चेनपुली तुळईला अडकवून त्यांनी घंटा जरा उचलली, तिच्या डोक्यावरच्या लोखंडी जुवाचा बोल्ट मोकळा केला आणि घंटा नुसती पट्ट्यावर लोंबती ठेवली. लाकडी मोगरीनं कडेला हलकेच एक टोला दिला.

ती गायला लागली. मोठ्यानं नाही, पण स्वच्छ, आणि मी श्वास सोडला तरी चालूच होती. उस्तादांनी तळवा तिच्याजवळ नेला, टेकवला नाही, आणि पूर्ण थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.

"घंटा चांगली हाय बाई," ते म्हणाले. "हिला धरलंय चुकीचं."

तरी तडा नाही याची खात्री करायचीच होती. कडेचा जाड पट्टा, जिथं लोळा, म्हणजे घंटेच्या आत लोंबणारा लोखंडी गोळा, आपटतो, तो आतून-बाहेरून रॉकेलनं पुसला, थोडा वेळ जाऊ दिला, कोरडा केला आणि वरून खडूची पूड चोळली. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल खडूत उमटतं आणि काळपट रेघ दिसते. गिरणीत शाफ्ट तपासायची हीच रीत. ज्या रेघेला आम्ही सगळे तडा समजत होतो तिथं काहीही उमटलं नाही. ती ओतताना साच्याच्या जोडाची राहिलेली रेघ होती. दोन दिवस आधी वेल्डिंगवाल्याला हो म्हटलं असतं तर चांगल्या घंटेवर आम्हीच आग लावली असती.

वेल्डिंग का नको, हे त्यांनी घरातल्या भांड्यांवरून समजावलं आणि ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. घंटेचा धातू म्हणजे साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील. आपल्या काशाच्या ताटाचंही प्रमाण जवळपास तेच. पितळेचं ताट पडलं तर चेपतं, काशाचं तडकतं. एवढं कथील असतं म्हणून नाद लांबतो, आणि त्याच कथलामुळे धातू ठिसूळ होतो. एका जागी ज्योत लावली की तिथलं तापतं, बाजूचं थंड राहतं, आणि नसलेला तडा तयार होतो. फुटलेली घंटा जोडणारे कसबी लोक जगात आहेत, पण ते आख्खी घंटा भट्टीत हळूहळू तापवून, तशीच तापलेली ठेवून जोडतात आणि नंतर सावकाश गार करतात. रस्त्यावरच्या वेल्डिंगचं ते काम नव्हे.

मग नाद बसला कशानं? कारणं तीन निघाली. तिन्ही घंटेच्या बाहेरची.

पहिलं, लोळा. कधीतरी कुणीतरी त्याच्या झिजलेल्या गोळ्यावर वेल्डिंगचा कडक थर चढवला होता. लोळा घंटेपेक्षा मऊ पाहिजे, हा यातला मूळ नियम. झिजायचं ते लोळ्यानं, कारण लोळा बदलता येतो. कडक लोळा घंटेला खातो, आणि एक दिवस फोडतो. लंडनच्या बिग बेनचंच घ्या. 1859 साली वाजायला लागल्यावर दोन-अडीच महिन्यांत तिला तडा गेला, कारण वाजवायचा हातोडा नको इतका जड होता. चार वर्षं ती गप्प होती. शेवटी घंटा आठव्या भागानं फिरवून नव्या जागी ठोका पडेल असं केलं आणि हातोडा हलका केला. तो तडा आजही तिच्यात आहे आणि घंटा चालू आहे.

आमच्या घंटेच्या आत दोन जागा घासून चपट्या, चकचकीत झालेल्या होत्या, दर ठोक्याला तिथंच मार बसून. डोक्यावरचा बोल्ट मोकळा करता येतो, म्हणून उस्तादांनी तिला पाव फेरा दिला. आता लोळा न झिजलेल्या जागी पडतो. असा फेरा दोन-तीन पिढ्यांतून एकदा द्यायचा असतो. घंटा बनवणाऱ्यांनी ती सोय ठेवलेली होती, तिचा उपयोग करायला आम्हाला इतका काळ लागला.

नव्या लोळ्याला लोखंड कुठलं घ्यायचं, यावर ते अडून बसले. बाजारातलं माइल्ड स्टील नको म्हणाले. जुन्या काळचं घडीव, रेषेदार लोखंड हवं, जे आता कुठं नव्यानं बनत नाही. भंगारवाल्यांकडे फिरून एका जुन्या गोदामाच्या छपराची जाड सळई मिळवली. खरी आहे का ते ग्राइंडरवर तपासलं. स्टीलच्या ठिणग्या फुलबाजीगत फुटतात, याच्या लालसर, सरळ, न फुटता विझणाऱ्या. मला शेजारी उभं करून दोन्ही दाखवल्या. मग भात्यावर तापवून, ठोकून गोळा घडवला, लेथवर फक्त वरची खीळ फिरवली. या कामाला वेळ लागला आणि तो लागू दिला याचं मला समाधान आहे.

दुसरं कारण म्हणजे घंटा आणि जू यांच्यामधला पॅड पार कुजला होता. लोखंड काशावर थेट बसलं होतं आणि बोल्ट ढिला. ठोका पडला की दोन्ही एकमेकांवर खडखडायचे आणि घुमारा तिथंच मरायचा. इथं उस्तादांनी जे केलं ते सोलापूरचाच माणूस करू शकतो. यंत्रमागावर धोट्याला फटका मारणारा पिकर असतो, म्हशीच्या कच्च्या कातड्याचा, दिवसभर मार खाऊन न फाटणारा. त्याच जातीचं कातडं आणून, तेलात मुरवून, त्याची गादी कापली आणि घंटा-जुवामध्ये बसवली. युरोपात शेकडो वर्षं लोळे चामड्याच्या पट्ट्यावरच टांगायचे, हे मला नंतर वाचनात मिळालं. उस्तादांनी ते वाचलेलं नव्हतं. त्यांना माग माहीत होता.

तिसरं कारण तुळईचं. मनोऱ्याच्या दगडांमधल्या सांधी कधीतरी सिमेंटनं भरून घेतल्या होत्या. चुन्याच्या भिंतीत गेलेलं पाणी चुन्यातून परत वाळून बाहेर येतं. सिमेंट ते आत कोंडतं. भिंतीत बसवलेलं तुळईचं टोक वर्षानुवर्षं ओलं राहून मऊ पडलं होतं, एका बाजूनं वाळवी. तेवढा भाग काढून नवं सागवान जोडलं, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, आणि जुवाच्या खिळांना नवे गनमेटलचे बुश. गवंड्यानं त्या बाजूचं सिमेंट खरवडून चुना भरला.

एवढ्यासाठी घंटा खाली आणावीच लागली. मजल्याच्या फळ्या काढून चेनपुलीनं उतरवली. काट्यावर 286 किलो भरली, तोंडाचा व्यास साडेएकतीस इंच. वर्कशॉपमध्ये ती टायरवर ठेवली होती, जमिनीवर नाही. आमच्या पोरांपैकी एकानं तिच्यावर हेल्मेट ठेवलं तर उस्तादांनी ते उचलून त्याच्या हातात दिलं, एक शब्द न बोलता.

रंगाचं सांगायचं राहिलं. घंटेवर चांदीच्या ऑइलपेंटचे थर होते, हौसेनं दिलेले. रंगानं नाद मरतो. उस्तादांनी ग्राइंडर, वायर ब्रश, सँडब्लास्टिंग काहीही लावलं नाही. रंग काढायची जेली लावायची, थांबायचं, बांबूच्या कामट्यानं खरवडायचं, फडक्यानं पुसायचं. खालचा जुना तपकिरी-हिरवट थर त्यांनी तसाच राहू दिला. चकाकी आणा म्हणून कमिटीतल्या दोघांनी आग्रह धरला, त्यांना स्पष्ट नाही सांगितलं. तो थर घंटेचं हवेपासून रक्षण करतो आणि घासताना धातू जातो, अक्षरं जातात. रंगाखालून अक्षरं निघालीच. अर्धी पुसट, पण "ट्रॉय" आणि "न्यूयॉर्क" स्वच्छ. ट्रॉय आणि नदीपलीकडचं वेस्ट ट्रॉय इथं मनीली घराण्याच्या ओतशाळा होत्या, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालल्या, आणि तिथून जगभरच्या मिशनांना घंटा जायच्या. लहानपणापासून मी जिच्या दोरीला लोंबकळले, तिच्यावर काय लिहिलंय ते त्या दिवशी मला पहिल्यांदा वाचता आलं. अक्षरांच्या कडा सुईसारख्या धारदार होत्या. बोट फिरवलं तर "वाय"चं शेपूट लागत होतं.

घंटा तिथं असताना एका देवस्थानाचे विश्वस्त दुसऱ्या कामासाठी आले होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि मेणवलीची घंटा अशीच दिसते म्हणाले. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या मनोऱ्यांतल्या पोर्तुगीज घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत लागल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक आहे, तिच्यावर 1721 साल. देऊळ स्वतः 1747 चं. वाईजवळ मेणवलीत नाना फडणवीसांच्या घाटावर छोट्या दगडी घुमटीत दुसरी, 1707 ची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरिया आजही दिसते. भीमाशंकरलाही एक आहे. विजयाची खूण म्हणून आणल्या हे खरंच, पण ज्यांनी टांगल्या त्यांनी त्यांच्यावरची चित्रं, अक्षरं खरवडली नाहीत, वितळवून भांडीही केली नाहीत. त्या विश्वस्तांना उस्तादांनी तिथंच सांगितलं, तुमच्या देवळातल्या मोठ्या घंटेच्या लोळ्याला दोरी बांधून ओढायचं बंद करा. दोरीनं ओढला की लोळा ठोका देऊन लगेच मागं फिरत नाही, कडेला दाबून राहतो, आणि घंटा तिथं फुटते. चर्चमध्येही हे सर्रास चालतं. कष्ट वाचवायला चाक सोडून लोळ्यालाच दोरी बांधतात.

आता जे पटलं नाही ते. सांगितलेल्या तारखेला काम झालं नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेच्या दिवसांत कामगार येत नाहीत हे सोलापुरात कुणालाही माहीत आहे, मग तारीख देताना ते धरायला हवं होतं. नाताळला घंटा वाजेल असं आम्ही मंडळीत जाहीर केलं होतं. तो नाताळ मुका गेला, आणि माझ्या ओळखीच्या दोन वृद्ध भगिनींना तो फार लागला. पक्कं बिल मागून मागून मिळालं. आमच्यासारख्या ट्रस्टला हिशेब तपासनिसापुढे प्रत्येक कागद ठेवावा लागतो, त्यांनी हे समजून घ्यावं. आणि गवंडीकाम लेथच्या कामाच्या तोडीचं नाही. चुन्याचे ओघळ दगडावर तसेच सोडले, झडपांना लावलेली जाळी एका कोपऱ्यात सैल होती, कबुतरं पुन्हा आत शिरली. तक्रार केल्यावर उस्ताद स्वतः चढले आणि जाळी आवळून दिली, जादा पैसे घेतले नाहीत. तरी गवंडी तुमचा तुम्ही शोधा, असंच मी सांगेन, चुन्यात हात बसलेला.

खर्च एकूण 62,000 रुपये आला. त्यात घंटा उतरवणं-चढवणं 14,000, लोळा 9,500, जू, बुश आणि कातड्याची गादी 11,000, रंग काढणं 6,000 आणि लाकूड-गवंडीकाम 21,500. कर्ण्यांचं दरपत्रक याहून थोडं कमी होतं. पण कर्णे आणि त्यांची यंत्रणा किती वर्षं टिकते ते आपण सगळे जाणतो. वर्गणीतून रक्कम उभी राहिली, आणि घंटा परत चढली त्या आठवड्यात आधी नाही म्हणणाऱ्या तीन घरांनी स्वतः होऊन पाकीट आणून दिलं.

नादाबद्दल. ठोका आता मऊ आहे. पूर्वी जो कडक टणत्कार असायचा तो नाही, आणि सुरुवातीला काहींना आवाज कमी झाला असं वाटलं. मनोऱ्याखाली उभं राहून तसं वाटतंच. लांब जाऊन ऐका. ठोक्यानंतर खालचा जाड सूर राहतो, त्याच्यावर दुसरा बारीक सूर लाटेसारखा येतो-जातो, आणि पुढचा ठोका पडेपर्यंत हवा भरलेली असते. सात रस्त्याला राहणाऱ्या आमच्या एका बहिणीनं त्याच सकाळी फोन केला, "बाई, ऐकू आली." मंडळीतल्या तरुण मुलांनी तर अशी घंटा कधी ऐकलीच नव्हती. आता दोरी कुणी ओढायची यावरून शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, पाळी लावावी लागते.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण वेळेचा आणि बिलाचा कापला आहे. काम द्यायचं असेल तर गणपती झाल्यावर लगेच द्या, जत्रेच्या तोंडावर नको. जाताना घंटेचे आतले-बाहेरचे फोटो, लोळ्याचा फोटो आणि तुळईच्या टोकाचा फोटो घेऊन जा, ते तेच आधी विचारतात. दर, तारीख आणि बिलाचं लेखी घ्या. रंग द्यायचा नाही हे तुमच्या कमिटीत आधीच ठरवून जा. काम झाल्यावर बुशांना दर सहा महिन्यांनी ग्रीस, पावसाळ्याआधी बोल्ट तपासणं आणि वर्षातून एकदा लोळ्याच्या खिळीकडे नजर, एवढं त्यांनी आमच्या पोरांना वर नेऊन हातानं करून दाखवलं आहे. ते वहीत लिहून वही मनोऱ्याच्या दाराशी टांगली आहे. पहिलं ग्रीस मे महिन्यात झालं.